उंची कमी असणाऱ्यांनी फोल्डिंग सायकल घेताना काय काय मोजून पाहावे

नाशिकला सायकलीचे वेड नवे नाही. येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत दोघांच्या गटातून पूर्ण केली. आजही रविवारी पहाटे त्र्यंबक रस्त्यावर सायकलस्वारांच्या रांगा दिसतात. या वातावरणाचा एक परिणाम असा, की दुकानात मिळणारा सल्ला बहुधा लांब पल्ल्याच्या आणि साडेपाच फुटांच्या पुढच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. माझी उंची १५० सें.मी., म्हणजे चार फूट अकरा इंच आहे. पहिली फोल्डिंग सायकल घ्यायला गेले तेव्हा मला एकच वाक्य पुन्हापुन्हा ऐकवले गेले: “मॅडम, सीट पूर्ण खाली होते, तुम्हाला बसेल.”

सीट खाली झाली, आणि तरीही सायकल बसली नाही. फोल्डिंग सायकलीत सीटची उंची हा सर्वांत सहज सुटणारा प्रश्न असतो, कारण सीटचा दांडा लांब असतो आणि तो हवा तेवढा आत सरकतो. कमी उंचीच्या माणसाची खरी अडचण हँडलची उंची, ब्रेकच्या मुठीचे अंतर, पायडलच्या दांड्याची म्हणजे क्रँकची लांबी आणि उचलायचे वजन या चार गोष्टींत असते, आणि त्यांचा उल्लेख माहितीपत्रकात क्वचितच सापडतो. म्हणून पुढील मांडणीत सीटला थोडी आणि या चार गोष्टींना जास्त जागा दिली आहे. परवडणारी सायकल म्हणजे कुलूप, दिवे आणि पंप धरून २५ हजार रुपयांच्या आत बसणारी, असे मी येथे धरले आहे.

घडीची गरज खरोखर आहे का?

घडी घालता येण्यासाठी सायकलीच्या मधोमध बिजागरी बसवावी लागते, तिच्याभोवतीचा सांगाडा जाड करावा लागतो, आणि हँडलच्या खांबालाही एक सांधा द्यावा लागतो. या सगळ्याचे वजन आणि पैसे आपणच मोजतो. सारख्या किमतीत साधी सायकल बहुधा फोल्डिंगपेक्षा हलकी आणि कमी कटकटीची मिळते. त्यामुळे आपण आठवड्यातून किती वेळा घडी घालणार, याचे प्रामाणिक उत्तर आधी स्वतःला द्यावे.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टविना घर आहे आणि खाली पार्किंगमध्ये सायकल ठेवण्याची सोय नाही, कचेरीत टेबलाशेजारी सायकल ठेवायची आहे, शनिवारी ती गाडीच्या डिकीत टाकून गंगापूर धरणाकडे न्यायची आहे, अशी कारणे असतील तर फोल्डिंग सायकल घ्यावी. सायकल इमारतीखालीच राहणार असेल आणि घडी महिन्यातून एकदा पडणार असेल, तर मधली नळी खाली उतरलेली २४ इंची चाकांची साधी सायकल घ्यावी आणि हा लेख येथेच सोडावा.

रेल्वेने नेण्याचा विचार असेल तर एक हिशेब आधीच करून ठेवावा. नाशिकरोड स्टेशन सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकापासून नऊ-दहा किलोमीटरांवर आहे, त्यामुळे घर ते स्टेशन सायकलीने आणि पुढे मुंबईत पुन्हा सायकलीने, ही कल्पना पासधारकांना मोहात पाडते. रेल्वेच्या नियमांत डब्यात सोबत नेण्याच्या ट्रंक-सूटकेसचे माप १०० × ६० × २५ सें.मी. दिलेले आहे. २० इंची सायकलीची घडी साधारण ८० × ६५ × ३५ सें.मी. भरते, म्हणजे उंची आणि जाडी या दोन्हींत ती मापाबाहेर जाते. शिवाय मोफत सामानाची सवलत सायकलीला लागू होत नाही. तेव्हा स्टेशनावरील पार्सल कार्यालयात आधी विचारूनच या कारणासाठी पैसे घालावेत.

दुकानात जाण्यापूर्वी घरी घ्यायची मापे

उंचीपेक्षा पायाच्या आतल्या बाजूची लांबी अधिक उपयोगाची असते, कारण सारख्याच उंचीच्या दोन माणसांत तिचा फरक चार-पाच सें.मी. सहज निघतो. अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून, दोन्ही पावलांत सुमारे १५ सें.मी. अंतर ठेवून उभे राहावे. पुठ्ठ्याच्या बांधणीचे एखादे जाड पुस्तक कणा वर करून दोन्ही पायांच्या मध्ये धरावे आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा दाब देत वर ओढावे. पुस्तकाची मागची कड भिंतीला चिकटलेली असली पाहिजे, नाहीतर ते तिरके होते आणि माप चुकते. कण्याच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलने खूण करून जमिनीपासून अंतर मोजावे. हे तीनदा करून सरासरी घ्यावी. माझे माप ६७ सें.मी. आले.

दुसरे माप हाताचे. कोपर काटकोनात वाकवून कोपराच्या मागच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी घ्यावी. तिसरे माप पंज्याचे: अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचक्यापासून तर्जनीच्या टोकाकडील पहिल्या पेरापर्यंतचे अंतर. हे माप फारसे कोणी घेत नाही, पण ब्रेकपाशी पोचल्यावर त्याचे महत्त्व कळते. शेवटी, घरातील पाण्याचा १५ लिटरचा भरलेला कॅन एका हाताने किती पायऱ्या चढवता येतो ते पाहावे. बहुतेक स्वस्त फोल्डिंग सायकली १२ ते १५ किलोंच्या असतात, आणि हा प्रयोग फुकटात होतो.

सीट

पायाच्या मापाला ०.८८३ ने गुणले, की मधल्या (पायडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या) एक्सलच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे सोयीचे अंतर मिळते. ६७ सें.मी.च्या पायाला ते सुमारे ५९ येते. २० इंची फोल्डिंग सायकलीचा मधला एक्सल जमिनीपासून साधारण २९ सें.मी. उंच असतो, म्हणजे सीट जमिनीपासून ८८ सें.मी.वर यावी. बहुतेक फोल्डिंग सायकलींची सीट ८० सें.मी.पर्यंत आणि काहींची ७५ पर्यंत उतरते. म्हणजेच १५० सें.मी. उंचीच्या माणसाला सीट पूर्ण खाली करण्याची गरजच पडत नाही.

नव्याने शिकणाऱ्या माणसाला मात्र सिग्नलला बसल्या जागी दोन्ही चवडे टेकावेसे वाटतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. त्यासाठी सीट तेवढी उतरत असेल तर पहिले काही आठवडे ती ७७-७८ सें.मी.वर ठेवावी आणि सवय होईल तशी बोट-बोट वर न्यावी. कायम खाली ठेवलेल्या सीटने गुडघे दुखतात. थांबताना सीटवरून पुढे घसरून मधल्या नळीच्या अलीकडे-पलीकडे पाय टेकायची सवय लावली, की उंच सीटची भीती जाते. फोल्डिंग सायकलीची मधली नळी खाली असल्यामुळे हे फार सोपे पडते. वडिलांच्या २८ इंची सायकलीवर नळीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारत शिकलेल्या आमच्या पिढीला ही चैनच वाटते.

हँडल: बहुतेक चूक येथेच होते

स्वस्त फोल्डिंग सायकलींत हँडलचा खांब दोन प्रकारचा असतो. एक अखंड, ज्याची उंची बदलता येत नाही. दुसरा नळीत नळी असलेला, जो वर-खाली सरकतो. अखंड खांब सरासरी पुरुषाची उंची धरून केलेला असतो आणि त्यावरची मूठ जमिनीपासून १०५ ते ११० सें.मी.वर येते. उंच माणसाची सीट ९५ वर असते, म्हणून त्याला ते ठीक वाटते. आपली सीट ८८ वर असेल तर हँडल तिच्यापेक्षा सुमारे २० सें.मी. वर जाते; हात छातीशी येतात, खांदे कानांकडे उचलले जातात, आणि शरीराचा सगळा भार सीटवर पडतो. दुकानासमोर दोन फेऱ्या मारताना हे जाणवत नाही, उलट ऐटीत बसल्यासारखे वाटते. इंदिरानगरहून सातपूरपर्यंत रोज जाऊ लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या मानेने ते सांगितले. माझ्या त्या पहिल्या सायकलीचा खांब अखंड होता, आणि विकणाऱ्याने खांब बदलून मिळणार नाही असे कळवले.

मुठीची पातळी सीटच्या बरोबरीने किंवा तिच्यापेक्षा पाच ते दहा सें.मी. वर असावी. म्हणून वर-खाली होणाऱ्या खांबाची सायकल घ्यावी आणि तो सर्वांत खाली नेल्यावर मूठ जमिनीपासून किती उंच राहते, ते टेपने स्वतः मोजावे. ९५ ते १०० सें.मी. निघाले तर उत्तम. अशा खांबाला एक चिमटा जास्त असतो आणि तो ढिला राहिला तर हँडल फिरते, हा त्याचा तोटा आहे. परंतु कमी उंचीच्या माणसाने तो पत्करावा असे माझे मत आहे. खांब जितका खाली असतो तितका तो कमी डुलतो, त्यामुळे उंच स्वारांना जाणवणारी हँडलची लवचीकता आपल्या वाट्याला तशी कमीच येते.

पुढचे-मागचे अंतर तपासण्याची जुनी पद्धत येथेही कामी येते. सीट आपल्या उंचीवर लावून सीटच्या टोकाला कोपर टेकवावे आणि हात हँडलच्या दिशेने सरळ धरावा. बोटांची टोके आणि हँडल यांत तीन-चार बोटांपेक्षा जास्त अंतर उरत असेल तर हँडल लांब पडते आहे, असे समजावे. सीटचा दांडा मागे कललेला असतो, त्यामुळे सीट खाली येते तशी ती थोडी पुढेही येते, हा आपला फायदा. त्याउपर सीट तिच्या पट्ट्यांवर दोन-तीन सें.मी. पुढे घेता येते, पण त्याहून पुढे ओढली की गुडघा पायडलच्या पुढे जाऊ लागतो. म्हणून अंतर फारच जास्त असेल तर सीट ओढत बसू नये, दुसरी सायकल पाहावी.

हँडलची रुंदी ही लहान वाटणारी पण त्रासदायक बाब आहे. ६० सें.मी. रुंदीचे सरळ हँडल अरुंद खांद्यांच्या माणसाचे हात बाजूंना फाकवते. मुठी, ब्रेक आणि गिअरचा खटका आत सरकवायला सरळ जागा असेल, तर दोन्ही टोकांकडून दोन-दोन सें.मी. कापून घेता येते. कोणताही बरा मिस्त्री हे दहा मिनिटांत करतो. कापल्यावर टोकांची बुचे पुन्हा बसवायला विसरू नये.

ब्रेकची मूठ

दुकानात उभे असताना हे स्वतः करून पाहावे. सीटवर बसून हाताचा तळवा मुठीवर नेहमीसारखा ठेवावा आणि मनगट न हलवता तर्जनी व मधले बोट ब्रेकच्या पट्टीवर टाकावे. दोन्ही बोटांचे पहिले पेर पट्टीवर पूर्ण वळले पाहिजे. फक्त टोके पोचत असतील, तर अचानक रिक्षा आडवी आल्यावर आपण आधी तळवा मुठीवरून सरकवणार आणि मग ब्रेक दाबणार. तेवढ्या अवधीत सायकल दोन-तीन मीटर पुढे गेलेली असते. घरी घेतलेले पंज्याचे माप येथे उपयोगी पडते: मुठीच्या मागच्या बाजूपासून पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर त्याहून जास्त नसावे.

अनेक ब्रेकपट्ट्यांच्या मुळाशी, केबल जेथे आत शिरते तेथे, एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की पट्टी मुठीजवळ येते. दुकानदाराला ही सोय आहे का असे विचारले तर तो पुष्कळदा केबल ढिली करून दाखवतो, आणि येथे फसायला होते. केबल ढिली केल्याने पट्टी जवळ आल्यासारखी वाटते, पण ब्रेक उशिरा लागतो आणि पूर्ण दाबल्यावर पट्टी मुठीला टेकते. स्क्रू फिरवून पट्टी जवळ आणल्यावर केबलचा ताण पुन्हा जुळवायचा, हा योग्य क्रम आहे. स्क्रूच नसेल तर दोन बोटांच्या आखूड पट्ट्या वेगळ्या विकत मिळतात. त्या घेताना आपले ब्रेक व्ही प्रकारचे (रिमच्या दोन्ही बाजूंना उभे हात असलेले) आहेत की नाहीत ते सांगावे, कारण इतर रिम ब्रेकच्या पट्ट्या त्यांना पुरेशी केबल ओढत नाहीत. डिस्क ब्रेकच्या मोहात या किमतीत पडू नये. घडी घालताना डिस्क वाकण्याची भीती असते आणि वजनही वाढते.

क्रँकची लांबी

पायडल ज्या दांड्याला बसवलेले असते तो क्रँक बहुतेक सायकलींवर १७० मि.मी.चा असतो, मग स्वार सहा फुटांचा असो वा पाच. पाय आखूड असेल तर वरच्या टोकाला गुडघा फार वाकतो आणि मांडी पोटाकडे येते. ६५ ते ६८ सें.मी.च्या पायाला १५२ ते १६० मि.मी.चा क्रँक बराच सुखाचा जातो. लांबीचा आकडा बहुधा क्रँकच्या आतल्या बाजूला, पायडलच्या छिद्राजवळ कोरलेला असतो. मोबाइलच्या उजेडात तो वाचावा.

लांब क्रँक पाहून सायकल नाकारण्याचे कारण नाही, कारण तो नंतर बदलता येतो. चौकोनी टोकाच्या एक्सलवर बसणारा असेल तर काम सोपे आणि स्वस्त होते, एवढे मात्र विचारून ठेवावे. बदलल्यावर क्रँक जितका आखूड झाला तितकी सीट वर घ्यावी.

चाक आणि टायर

२० इंची चाक घ्यावे. १६ इंची सायकल घडी घातल्यावर देखणी दिसते आणि आखूड माणसाला ती आपल्याच मापाची आहे असे वाटते, पण चाकाच्या आकाराचा स्वाराच्या उंचीशी फारसा संबंध नसतो. १६ इंची चाक पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत खोल उतरते आणि सोसायट्यांनी स्वतःच घातलेल्या उंच गतिरोधकांवर दणका देते.

‘२० इंच’ या नावाखाली दोन वेगळी मापे विकली जातात, हे दुकानातही सर्वांना ठाऊक नसते. टायरच्या बाजूवर ४७-४०६ अशासारखा आकडा छापलेला असतो. त्यातील पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ४०६ हे मुलांच्या २० इंची सायकलींचेही माप आहे, त्यामुळे त्याचे टायर-ट्यूब कोणत्याही पेठेत मिळतात. ४५१ हे माप बारीक टायरच्या, वेगवान सायकलींना असते आणि त्याचा टायर फाटला की तो बाहेरगावाहून मागवावा लागतो. १६ इंचांतही तोच घोळ आहे: लंडनच्या ब्रॉम्प्टन सायकलीचा टायर ३४९ मापाचा, आणि मुलांच्या १६ इंची सायकलींचा साधारणपणे ३०५. एकाचा दुसऱ्याला बसत नाही.

रुंदी पावणेदोन इंचांच्या आसपास असावी. आपले वजन पन्नास किलोंच्या आगेमागे असेल तर टायरवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत हवा ठासून भरू नये; ४० ते ५० पीएसआयमध्ये सायकल आरामात चालते, फक्त तो आकडा बाजूवर छापलेल्या मर्यादेत बसतो का ते पाहावे. दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड हवेत. लहान चाक चिखल थेट पावलांवर उडवते.

गिअर: किती आणि कोणते

लहान चाकाला जास्त पायडल मारावे लागते, ही समजूत अर्धवट आहे, कारण पुढचे दातेचक्र मोठे देऊन ती भरपाई केलेली असते. ४०६ मापाच्या, पावणेदोन इंची टायरच्या चाकाचा घेर सुमारे १.५२ मीटर असतो. पुढे ४६ दाते आणि मागे १४ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १८ किलोमीटर. मागे २८ दात्यांवर चेन टाकली की तेच अंतर अडीच मीटर होते आणि चढ निम्म्या जोरात चढता येतो.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड या भागांत बिनगिअरची सायकलही चालते. पुढे ४६ आणि मागे १६ दाते असलेली एकगिअरी सायकल एका फेऱ्यात सुमारे ४.४ मीटर जाते, आणि सपाटीवर ते ठीक आहे. पण रामकुंडाकडून मालेगाव स्टँडकडे पिशवीत चार किलो भाजी घेऊन चढायचे असेल, किंवा रोज उड्डाणपूल ओलांडायचा असेल, तर मागे सहा किंवा सात गिअर असलेली आणि त्यातील सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे असलेली सायकल घ्यावी. पुढे दोन-तीन चक्रे देणाऱ्या सायकली या किमतीत टाळाव्यात. त्यांचे खटके वारंवार बिघडतात आणि चेन पडते. पुढे एकच चक्र असेल तर त्यावर चेनकव्हर बसते, आणि ओढणी किंवा साडी सांभाळून चालवणाऱ्यांना ते गिअरपेक्षाही महत्त्वाचे आहे.

वजन आणि जिना

सायकलीचे वजन आणि आपले वजन यांचे गुणोत्तर पाहावे. १४ किलोंची सायकल ७५ किलोंच्या माणसाला जेवढी वाटते त्यापेक्षा ५० किलोंच्या माणसाला बरीच जड वाटते, कारण ती त्याच्या वजनाच्या चौथाईहून जास्त आहे. पण त्याहून अवघड गोष्ट उंचीची असते. घडी घातलेली २० इंची सायकल ६५ सें.मी.च्या आसपास उंच असते. १५० सें.मी. उंचीच्या माणसाचा हात सैल सोडला तर मूठ जमिनीपासून जवळपास तेवढ्याच उंचीवर येते. म्हणजे सायकल हातात लटकवून चालता येत नाही. ती जमिनीवरून वर राहावी म्हणून कोपर सतत वाकवून धरावे लागते, आणि जिन्यात तिचे खालचे टोक प्रत्येक पायरीला आपटते.

यावर मी शोधलेला उपाय असा: सायकल अर्धीच घडी करायची. हँडल खाली पाडायचे, सीटचा दांडा मात्र वरच ठेवायचा आणि मधली बिजागरी दुमडायची नाही. मग मधल्या नळीखाली डावा खांदा घालून सायकल खांद्यावर घ्यायची आणि उजवा हात कठड्याला मोकळा ठेवायचा. तीन मजले असे चढता येतात. लटकवून मला एक मजलाही चढता येत नव्हता. दुकानात जिना असेल तर दुकानदाराची परवानगी घेऊन एकदा चढून-उतरून पाहावे. जिना नसेल तर निदान घडी घातलेली सायकल सीटला धरून ढकलत नेता येते का, ते तपासावे. काही सायकलींत घडी घातल्यावर चाके शेजारी-शेजारी येऊन फिरत राहतात, काहींत ती एकमेकांत अडकतात. स्टेशनच्या फलाटावर हा फरक फार मोठा ठरतो.

वजन ऐकताना ते पायडल, स्टँड, कॅरिअर आणि मडगार्ड धरून आहे का, हेही विचारावे.

बिजागऱ्या आणि खटके

सायकल उघडून सगळे खटके लावावेत. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे-मागे हलवावी आणि दुसऱ्या हाताची बोटे मधल्या बिजागरीच्या फटीवर ठेवावीत. फट उघड-मीट होत असल्याचे बोटांना जाणवले किंवा ‘टक’ असा आवाज आला, तर खटका जुळवलेला नाही किंवा बिजागरी झिजलेली आहे. हँडलच्या सांध्याचीही अशीच परीक्षा घ्यावी. या दोन्ही खटक्यांना, चुकून उघडू नये म्हणून, एक दुय्यम अडसर असायला हवा. तो नसलेली सायकल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

आता लहान हातांचा प्रश्न. खटका पुरेसा घट्ट असेल तर तो बंद करताना तळव्यावर वळ उठतो एवढा जोर लागतो. विक्रेता तो स्वतः बंद करून दाखवतो आणि आपण मान डोलावतो. घरी आल्यावर तो आपल्याकडून बंदच होत नाही. म्हणून दुकानात घडी घालणे आणि उघडणे हे दोन्ही स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय, निदान तीन वेळा करावे. खटका फार कडक असेल तर त्याच्या नटाला पाव फेरा ढील देऊन पाहावा आणि त्यानंतर वरची परीक्षा पुन्हा घ्यावी.

सीटच्या दांड्यावर किमान आत राहण्याची रेघ असते. आपल्याला तिची काळजी करावी लागत नाही, पण सीट खूप खाली नेल्यावर दांड्याचे खालचे टोक जमिनीच्या किती जवळ येते, ते पाहावे. काही सायकलींत ते गतिरोधकाला घासते.

किंमत आणि जुनी सायकल

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वी १६ हजारांची असलेली सायकल पूर्वी १७,९२० रुपयांना पडत असे, ती आता १६,८०० ला पडते. जुन्या साठ्यावर जुनीच चिठ्ठी असेल तर बिलावरील कराची ओळ वाचावी. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानात सायकल चालवून पाहू देतात, हा त्यांचा मोठा फायदा. डाहोन, टर्न आणि ब्रॉम्प्टन यांच्या नव्या सायकली आपल्या मर्यादेत बसवण्याचा प्रयत्न करू नये.

जुनी सायकल घेणे मला तरी वाईट वाटत नाही. हौसेने घेतलेल्या फोल्डिंग सायकली पुष्कळदा गॅलरीत धूळ खात पडलेल्या असतात आणि मग निम्म्या भावात मिळतात. त्यांत बिजागरीच्या जोडाजवळ रंगाला बारीक तडा आहे का, हे आधी पाहावे. रंगाचा तडा पुष्कळदा धातूच्या तड्यावर असतो. रिमला आउट (चाक डुलत फिरणे) आणि बाजूंना बारीक भेगा पडलेला टायर, या दोन गोष्टींसाठी भाव पाडून घ्यावा. बिजागरीत तडा असेल तर फुकटही घेऊ नये.

घरी आणल्यावरचे पहिले पंधरा दिवस

आपली सीट एकदा योग्य उंचीवर बसली, की दांड्यावर जेथे तो नळीत शिरतो तेथे न पुसणाऱ्या मार्करने आडवी रेघ मारावी. हँडलच्या खांबावरही तशीच. रोज घडी उघडताना अंदाजाने सीट लावली तर ती रोज वेगळी लागते, आणि कमी उंचीच्या माणसाला एका बोटाचा फरकही गुडघ्यात कळतो.

सीटच्या दांड्याला तेल लावू देऊ नये. माझ्या सायकलीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीने आपुलकीने सगळ्याच सांध्यांना तेल पाजले, त्यात दांडाही आला. कॅनडा कॉर्नरला निघताना रेघेवर असलेली सीट एबीबी सर्कलला पोचेपर्यंत दोन बोटे खाली उतरलेली होती, आणि रोज सकाळी असेच होत राहिले. खटका आवळून आवळून त्याचा नट शेवटी आटे सोडून गेला. उपाय साधाच होता: दांडा बाहेर काढून रॉकेलने पुसणे, कोरड्या फडक्याने नळी आतून साफ करणे, आणि मग दांडा कोरडाच बसवणे. तेल बिजागरीच्या खिळीला एक थेंब आणि चेनला, बस.

नव्या सायकलीच्या केबल सुरुवातीला ताणल्या जातात आणि स्पोकही थोडे ढिले पडतात, म्हणून पंधरा दिवसांनी किंवा शंभरेक किलोमीटर झाल्यावर ती एकदा मिस्त्रीकडे न्यावी. ब्रेकपट्टीचा स्क्रू आपण आत घेतला आहे हे त्याला आधी सांगावे, नाहीतर तो सवयीने तो पुन्हा बाहेर काढून ठेवतो.